केळी वर बघतात

शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास.
वेळापत्रकात त्याला नाव नाही,
मी हजेरीपटाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं : बातमी.

सातवीत छत्तीस मुलं, फोन एक, माझा.
बाकांवरून फिरवला. काचेला तडा,
तड्याच्या अलीकडे बिबट्या, पलीकडे त्याची शेपटी.
‘चोपडा शिवार, कालची रात्र. केळीच्या बागेत जाऊ नका.
आपल्या माणसांना पाठवा.’

म्हटलं, खरं की खोटं ते आत्ता नको.
नुसतं बघा. बाजारात बैल बघतात तसं,
आधी दात, खूर, मग किंमत.

दुर्गेश म्हणाला, डोळे चमकतात म्हणजे खरा.
रुबाब तडवी म्हणाला, पानं बघा सर,
एकही फाटलेलं नाही.
चैत्रात आमच्याकडे वारा असा सुटतो
की संध्याकाळपर्यंत केळीच्या पानाचा कंगवा होतो.
कुणी ठसे मागितले, कुणी तारीख.
मी फळ्याकडे वळलो. बोलायला पुष्कळ होतं,
तालुक्याला दोन दिवस प्रशिक्षण झालेलं, चहा-पोह्यांसह.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून जानकी बारेला,
जी जूनपासून ‘हजर’ एवढंच बोललेली :
‘घड उलटा शे.’

काय?

ती उठली. हात खाली सोडला,
मनगट दांड्यासारखं लोंबतं,
आणि बोटं एकेक करून वर वळवली.
‘झाडावर कमळ खाली असतं, केळी वर बघतात.
ह्याच्यातली खाली लोंबतात.
ज्यानं हे बनवलं
त्यानं केळी फक्त दुकानात बघितली.’

कुणी हसलं नाही.
छत्तीस मनगटं हवेत लोंबली, बोटं वर.
घंटा झाली तरी काहींची तशीच.

गृहपाठ दिला : हे तुमच्या घरी कुणी पाठवलं,
भांडू नका, नुसतं विचारून या.

सोमवारी फळाभर बाण.
दुर्गेशच्या काकाला सलूनवाल्याने,
सलूनवाल्याला डेअरीच्या सुपडूने,
सुपडूला गावच्या गटातून,
गटात
दुर्गेशचा खडू थांबला. तो माझ्याकडे बघत राहिला.

मला आठवत होतं.
वाटलं होतं, बाण इथवर पोचायचे नाहीत.
मीच लिहिलं, माझं आडनाव आणि वेळ,
रात्रीचे दहा चाळीस,
सोबत माझीच ओळ : काळजी घ्यावी ही विनंती.
सुपडू म्हणे, मास्तरांनी टाकलंय
म्हणजे बघायचं काय त्यात?

त्या आठवड्यात तीन दिवस घड कापणी बंद होती.
जानकीच्या आईची चुंबळ खुंटीला.
तीन दिवसांची मजुरी किती,
हे मी गणिताच्या तासालाही विचारलं नाही.

जानकी फळ्याकडे बघत होती,
घडाकडे बघितलं होतं तशीच.
मग म्हणाली, ‘आनि तुमले कोन धाडं?’
आठवत नाही, म्हणालो.
हे मात्र खरं होतं.

रात्री गटात लिहिलं : चित्र खोटं, चूक माझी.
एक अंगठा आला.
एक गुलाब, शुभ रात्रीचा.

ह्या शनिवारी तास सुरू व्हायच्या आधीच
रुबाब दारात, धापा टाकत :
पाटाला पाणी सुटलंय!
सगळा वर्ग एका आवाजात : खोटं!
केवढे खूश होते.
मला भीती वाटली, त्या बिबट्याची नव्हती वाटली तेवढी.
हे मी शिकवलं?

जानकीनं मान वळवली,
‘तू देखं का?’

रुबाबनं उत्तर दिलं नाही.
पाय पुढे केला नुसता,
पोटरीपर्यंत चिखल,
ओला.